पडद्यावरची पोलादी गोळी

एक लाकडी फळी घ्यावी, तिला किंचित उतार द्यावा, तिच्यावर ठिकठिकाणी खिळे ठोकावेत आणि वरच्या टोकाकडून एक गोटी सोडून द्यावी. गोटी एका खिळ्यावर आपटते, तेथून दुसऱ्याकडे वळते, क्षणभर थबकते आणि शेवटी कोणत्या तरी घरात जाऊन बसते. या साध्या खेळाला बॅगाटेल म्हणतात. आपल्याकडील जुन्या पिढीतील पुष्कळांनी लहानपणी तो खेळलेला आहे. याच खेळापासून पुढे पिनबॉल नावाचे एक मोठे चमत्कारिक यंत्र निर्माण झाले. आज तर जगात अशी हौशी माणसे आहेत की, जी घरच्या घरी पिनबॉलचे यंत्र बनवतात. आणि त्या यंत्रात फळी नसते, खिळे नसतात, फार काय, गोळीसुद्धा नसते! जे काही धावते, ते पडद्यावर धावते. तरीही आपल्या बोटांखाली खरीच पोलादी गोळी उसळत आहे, असे खेळणाऱ्याला वाटते. ही किमया कशी साधते, ते आपण पाहू.

नक्कल समजून घ्यायची, तर आधी अस्सल वस्तूची ओळख हवी. खरे पिनबॉल यंत्र म्हणजे चार पायांवर उभी असलेली, कमरेइतक्या उंचीची एक लांबट पेटी. पेटीवर काच बसवलेली असते आणि काचेखाली रंगीत चित्रांनी सजवलेला एक उतरता पट असतो. मागच्या टोकाला कपाटासारखी दुसरी उभी पेटी असते. तिच्यावर गुणांचे आकडे झळकतात. खेळणारा पुढे उभा राहून स्प्रिंगचा दट्ट्या मागे ओढतो आणि सोडतो. त्यासरशी गोळी वर उसळते आणि अडथळ्यांवर आपटत, घंटा वाजवीत, दिवे उजळीत पुन्हा खाली येऊ लागते. पटाच्या खालच्या बाजूला वल्ह्यांच्या आकाराचे दोन छोटे हात असतात. त्यांना फ्लिपर असे नाव आहे. पेटीच्या डाव्या-उजव्या अंगाची बटणे दाबली की, हे हात झटकन वर उडतात आणि खाली येणाऱ्या गोळीला टोलवतात. दोन्ही हातांना चुकवून गोळी मधल्या फटीतून निसटली की, ती डावाबाहेर गेली!

या यंत्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधील उमराव मंडळी बॅगाटेल खेळत. त्या काळी गोळी काठीने ढकलीत असत. पुढे अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी स्थायिक झालेले माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये या खेळातील सुधारणांचे पेटंट मिळवले. काठीची जागा स्प्रिंगच्या दट्ट्याने घेतली, ती त्या सुधारणांमुळे. १९३१ मध्ये शिकागो येथील डेव्हिड गॉटलीब यांनी ‘बॅफल बॉल’ नावाचे यंत्र बाजारात आणले. अमेरिकेत तेव्हा महामंदीचे दिवस होते. एक सेंटाचे नाणे टाकावे आणि घटकाभर विरंगुळा मिळवावा, हे अनेकांना परवडण्यासारखे होते. म्हणून हे यंत्र अतोनात लोकप्रिय झाले.

मात्र या जुन्या यंत्रांत एक मोठी उणीव होती. गोळी एकदा सुटली की, यंत्राला हलकेच धक्का देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही राहत नसे. गोळी कोठे जाईल हे बहुतांशी दैवाच्या स्वाधीन! जेथे दैव आहे आणि नाणे आहे, तेथे जुगार शिरायला वेळ लागत नाही. या खेळावर लोक पैजा लावू लागले. तेव्हा न्यूयॉर्क शहराचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली. हजारो यंत्रे जप्त झाली आणि हातोड्यांनी फोडण्यात आली.

त्यानंतर पाचच वर्षांनी, म्हणजे १९४७ मध्ये, हॅरी मॅब्ज यांनी आखलेल्या ‘हम्प्टी डम्प्टी’ नावाच्या यंत्रात फ्लिपर प्रथम आले. पटाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असे ते सहा हात होते. या छोट्या हातांनी खेळाचे स्वरूपच पालटून टाकले. आता खाली येणारी गोळी परतवता येऊ लागली. एवढेच नव्हे, तर ती हव्या त्या दिशेला पाठवता येऊ लागली. फ्लिपरच्या टोकाशी गोळी आली असता तो उचलला, तर गोळी एका दिशेला जाते. बुडाशी असता उचलला, तर दुसऱ्या दिशेला जाते. हे गणित ज्याच्या बोटांत मुरले, तो कसलेला खेळाडू ठरू लागला.

तथापि न्यूयॉर्कचा कायदा बदलायला १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या एका तरुण लेखकाला नगर परिषदेच्या समितीपुढे बोलावण्यात आले. सभागृहात दोन यंत्रे आणली होती. एका सदस्याला पहिल्या यंत्राविषयी शंका आली, म्हणून शार्प यांना राखून ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावर खेळावे लागले. गोळी कोणत्या वाटेने जाईल, हे त्यांनी आधी सांगितले आणि मग दट्ट्या सोडला. गोळी नेमकी त्याच वाटेने गेली! पिनबॉल हा केवळ नशिबाचा खेळ नाही, त्यात कौशल्य आहे, हे समितीला पटले आणि बंदी उठली.

हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. खेळणाऱ्याच्या हाताने जे केले, त्याचे फळ गोळीच्या गतीत दिसले पाहिजे. हा संबंध तुटला की, खेळाचा जुगार होतो. घरी आभासी यंत्र बनवणाऱ्याची सारी धडपड हा संबंध टिकवण्यासाठी असते. हात आणि गोळी यांच्यामध्ये आता संगणक येऊन बसलेला असतो. त्याने हाताशी आणि गोळीशी प्रामाणिक राहिले पाहिजे.

आता कोणी विचारील, खरे यंत्र असताना नकलेचा खटाटोप कशाला? त्याला कारण आहे. खरे यंत्र शंभर किलोग्रॅमांहून अधिक जड असते. त्यात शेकडो सुटे भाग असतात. ते झिजतात, तुटतात आणि जुन्या यंत्रांचे भाग सहजी मिळत नाहीत. एके काळी अमेरिकेत या यंत्रांचे मोठमोठे कारखाने होते. त्यांपैकी बरेच बंद पडले. विल्यम्स या प्रसिद्ध कंपनीनेही १९९९ मध्ये पिनबॉल यंत्रे बनवणे थांबवले. आभासी यंत्राच्या एका पेटीत मात्र वेगवेगळ्या काळातील शेकडो पट साठवता येतात. जे यंत्र आज कोठे पाहायलाही मिळणे कठीण, त्याचा खेळ अशा रीतीने जिवंत राहू शकतो.

बांधणीचा आरंभ सुतारकामापासून होतो. जाड प्लायवूडच्या फळ्या मापाने कापायच्या, गुण्या लावून काटकोन तपासायचे आणि पेटी जुळवायची. माप मात्र आधी पडद्याचे घ्यावे लागते. बऱ्याच खऱ्या यंत्रांचा पट सुमारे १०७ सेंटिमीटर लांब आणि ५१ सेंटिमीटर रुंद असतो. ज्या दूरचित्रवाणी संचाचा कर्ण १०९ सेंटिमीटर आहे, त्याचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर लांब आणि ५३ सेंटिमीटर रुंद भरतो. म्हणजे असा संच पेटीत आडवा निजवला, तर खऱ्या पटाची जागा तो जवळजवळ पुरी भरून काढतो. त्याच्यावर काच बसवली की, वरून पाहणाऱ्याला पट काचेखाली पसरल्यासारखा दिसतो. मागच्या उभ्या पेटीत दुसरा पडदा बसवतात. त्यावर त्या त्या खेळाचे मुखचित्र उमटते. गुणांचे आकडे दाखवण्यासाठी पुष्कळ जण तिसरा लहान पडदा लावतात. पडदे आणि संगणक यांमुळे पेटी आतून तापते, म्हणून तिला झरोके ठेवावे लागतात आणि उष्ण हवा बाहेर टाकण्यासाठी छोटे पंखे बसवावे लागतात.

पेटी तयार झाली, तरी अजून तिच्यात प्राण नाही. तो संगणकाच्या प्रोग्रामने येतो. असे काही प्रोग्राम उपलब्ध आहेत. त्यांपैकी रँडी डेव्हिस यांचा ‘व्हिज्युअल पिनबॉल’ हा प्रोग्राम २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्याची मूळ रचना सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि निरनिराळ्या देशांतील हौशी लोकांनी ती सुधारत नेली. एखाद्या जुन्या यंत्राचा पट तयार करायचा, तर त्याची बारकाईने छायाचित्रे घ्यायची, प्रत्येक खुंटी, प्रत्येक रबर, प्रत्येक वळण कोठे आहे ते मोजायचे आणि संगणकावर ते जेथल्या तेथे मांडायचे, असे हे चिकाटीचे काम असते.

येथे एक गंमत ध्यानात घेतली पाहिजे. संगणकाला गोळी दिसत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. गोळी या क्षणी कोठे आहे, तिचा वेग किती, दिशा कोणती, ती स्वतःभोवती कशी फिरते आहे, एवढेच त्याला ठाऊक असते. खरी गोळी २७ मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे ८० ग्रॅम वजनाची असते. खऱ्या पटाचा उतार साधारणपणे साडेसहा अंशांचा असतो. म्हणजे १०७ सेंटिमीटर लांबीच्या पटाचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर उंच असते. एवढ्या सौम्य उतारावर गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम नववा हिस्साच गोळीला खाली ओढतो. म्हणून तर ती दगडासारखी कोसळत नाही आणि खेळणाऱ्याला विचार करायला अवसर मिळतो. हे सारे प्रमाण संगणकाला अचूक सांगावे लागते. उतार थोडा कमी सांगितला, तर गोळी पाण्यात तरंगणाऱ्या फुग्यासारखी रेंगाळते. जास्त सांगितला, तर डोळे मिटायच्या आत नाहीशी होते.

मग प्रोग्राम गोळीला पुढे कसा नेतो? तो काळाचे अगदी बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात गोळी थोडी पुढे सरकवतो, उतारामुळे तिचा वेग किती वाढला ते पाहतो आणि ती कशावर आपटली का, हे तपासतो. आपटली असेल, तर ती कोणत्या कोनात परतेल ते ठरवतो. कॅरम खेळताना पट्टीवर आपटलेला स्ट्रायकर कसा परततो, हे तुम्ही पाहिले आहेच. रबरावर आपटलेली गोळी जोराने उसळते, लाकडावर आपटलेली मंद होते. हे भेदही संगणकाला शिकवावे लागतात.

काळाचे तुकडे किती बारीक असावेत? साध्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात. समजा, गोळी सेकंदाला ३ मीटर या वेगाने धावत आहे. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ती ५ सेंटिमीटर पुढे जाईल. गोळीचा व्यास तर तीन सेंटिमीटरही नाही! तेव्हा संगणकाने केवळ चित्रापुरताच हिशेब केला, तर पहिल्या चित्रात भिंतीच्या अलीकडे असलेली गोळी दुसऱ्या चित्रात भिंतीच्या पलीकडे जाऊन पोहोचेल आणि मध्ये भिंत होती याचा संगणकाला पत्ताही लागणार नाही. हे टाळण्यासाठी ‘व्हिज्युअल पिनबॉल’ सेकंदाला एक हजार वेळा हिशेब करतो. तेवढ्या अवधीत आपली गोळी फक्त ३ मिलिमीटर सरकते. मग भिंत तिच्या नजरेतून सुटत नाही.

डोळ्यांची व्यवस्था झाली, आता हातांची. पेटीच्या दोन्ही अंगांना खरी बटणे बसवतात आणि त्यांच्या तारा एका छोट्या नियंत्रक पाटीला जोडतात. बटण दाबले की, ही पाटी संगणकाला तसा संकेत पाठवते. दट्ट्या तर खऱ्या यंत्रातलाच असतो. तो किती मागे ओढला आहे, हे एक संवेदक सतत मोजत राहतो. त्यामुळे दट्ट्या अर्धा ओढला तर पडद्यावरची गोळी अर्ध्या जोराने सुटते, पुरता ओढला तर पुरत्या जोराने.

याहून नाजूक गोष्ट धक्क्याची आहे. कसलेला खेळाडू योग्य क्षणी पेटीला तळहाताने हलका हिसका देतो आणि फटीकडे निघालेली गोळी वाचवतो. आभासी गोळीला असा हिसका कसा कळावा? त्यासाठी पेटीत वेगातील बदल टिपणारा एक संवेदक ठेवतात. भ्रमणध्वनी आडवा धरला की त्यावरील चित्रही आडवे होते, ते अशाच संवेदकामुळे. पेटी जितकी हलली, तितका धक्का संगणक गोळीला देतो. परंतु कोणी पेटी गदागदा हलवू लागला, तर? खऱ्या यंत्रात गवंड्याच्या ओळंब्यासारखे एक वजन धातूच्या कड्याच्या मधोमध टांगलेले असते. पेटी फार हलली की, वजन कड्याला टेकते, विजेचे मंडल पुरे होते आणि यंत्र तो डाव तेथेच थांबवते. घरी यंत्र बनवणारे हा दंडही गाळत नाहीत. कित्येक जण तर पेटीत खराखुरा ओळंबा टांगतात. जेथे चूक केल्याबद्दल शिक्षा नाही, तेथे कौशल्याला किंमत नाही, हे त्यांना माहीत असते.

राहिले कान. खऱ्या यंत्रात फ्लिपर उचलण्यासाठी विद्युतचुंबक असतात. तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहिली की, लोखंडी दांडा खेचला जातो आणि ‘खट्‌’ असा आवाज होतो. तो आवाज कानांना ऐकू येतो आणि तळहातांना जाणवतोही. आभासी यंत्रात उचलण्याजोगा फ्लिपरच नाही! तरीसुद्धा हौशी कारागीर पेटीच्या आत ठिकठिकाणी विद्युतचुंबक बसवतात. ते केवळ ठोका देण्यासाठी. डावा फ्लिपर उडाला की डावीकडचा ठोका, उजवा उडाला की उजवीकडचा. डोळ्याला जे दिसते, त्याची साक्ष हाताने दिली की, मनाला ते खरे वाटते.

इतके सारे जमून आले, तरी एक शत्रू लपून बसलेला असतो. तो म्हणजे विलंब. बटण दाबल्यापासून पडद्यावरचा फ्लिपर उचललेला दिसेपर्यंत थोडा काळ जातोच. काही दूरचित्रवाणी संच चित्र अधिक सुबक करण्याच्या नादात ते थोडे उशिरा दाखवतात. समजा, हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका झाला. सेकंदाला २ मीटर वेगाने येणारी गोळी तेवढ्यात २० सेंटिमीटर पुढे निघून जाते! फलंदाजाने चेंडू पाहून बॅट फिरवावी आणि बॅट मात्र चेंडू यष्ट्यांवर आदळल्यावर फिरावी, तसाच हा प्रकार. अशा यंत्रावर कितीही निपुण खेळाडू हरतो आणि दोष कोणाचा, हेही त्याला कळत नाही. म्हणून जाणते कारागीर खेळासाठी योग्य असा झटपट चित्र दाखवणारा पडदा निवडतात आणि पडद्याची अनावश्यक सजावट बंद करून ठेवतात. पेटीच्या सुबक रंगापेक्षा या न दिसणाऱ्या क्षणांच्या बचतीवर यंत्राचे यश अधिक अवलंबून असते.

हे काम एकट्या मुलाने हाती घेण्याजोगे नाही. त्यात घरगुती विजेचा संबंध येतो. ते जोडकाम जाणत्या माणसानेच केले पाहिजे. बटणांना अगदी थोड्या दाबाची वीज पुरते, परंतु विद्युतचुंबकांना अधिक लागते. म्हणून दोहोंची व्यवस्था वेगळी ठेवावी लागते. शिवाय विद्युतचुंबकातील प्रवाह तोडला की, क्षणभर उलट दिशेने विजेचा झटका बसतो आणि नाजूक नियंत्रक पाटी जळू शकते. त्या झटक्याला परस्पर वाट करून देण्यासाठी प्रत्येक वेटोळ्याशी डायोड नावाचा एक लहानसा भाग जोडतात. वीज एकाच दिशेने जाऊ देणे हा त्याचा धर्म.

एवढे करूनही नक्कल ती नक्कलच. खऱ्या पटाला खोली असते. मान किंचित वळवली की, खांबामागची गोळी दिसते. सपाट पडद्यावर ते सुख सहजी मिळत नाही. खऱ्या गोळीवर चरे पडतात, रबर सैल होते आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचा असा स्वभाव येतो. आभासी गोळीवर ओरखडा उठत नाही. चांगला कारागीर ही मर्यादा मान्य करतो आणि जे साधण्याजोगे आहे, ते मनापासून साधतो.

या उद्योगात एक मोठे शिक्षण दडलेले आहे. नुसते खेळणाऱ्याला गोळी उतारावरून घरंगळते एवढेच माहीत असते. ज्याला ती गोळी शून्यातून निर्माण करायची आहे, त्याला मात्र ती का घरंगळते, किती वेगाने, कशावर आपटून कशी वळते, हे सारे जाणून घ्यावे लागते. सुतारकाम, विजेचे ज्ञान, गणित आणि खेळाडूच्या बोटांची पारख, ही सारी एकत्र आल्यावाचून ती पेटी बोलत नाही. गोळी खोटी असली, तरी तिला लावलेले नियम खरे असले पाहिजेत. मगच तिच्याशी खेळणाऱ्याचे कौशल्य खरे ठरते.

तुमच्याजवळ एखादी फळी, चार खिळे आणि एक गोटी असेल, तर या विद्येचा श्रीगणेशा आजच करता येईल. फळीचे एक टोक बोटभर उचला, गोटी सोडा आणि नीट पाहा. मग उतार थोडा वाढवा आणि पुन्हा पाहा. तिसऱ्या वेळी मात्र गोटी सोडण्यापूर्वी ती कोठे जाईल, हे मोठ्याने सांगा.